पोर्क विंदालू : लोणच्यासारखं घालायचं, कालवणासारखं शिजवायचं

रानजाई | शुक्रवार, रात्री 9:15

गेल्या आठवड्यात एका हॉटेलात विंदालू मागवलं. लालभडक रस्सा, वर कोथिंबीर, आणि बुडाशी बटाट्याच्या चार फोडी. चव घेतली तर टोमॅटोचा गोडसर आंबटपणा आणि वरून नुसता जाळ. व्हिनेगरचा मागमूस नाही. तेव्हापासून चैन पडत नाहीये, म्हणून हा धागा.

नोकरीनिमित्त मी पाच वर्षं गोव्यात म्हापशाला होते. घरमालकीण आंटी तेव्हा सत्तरीच्या. नाताळच्या आधी मागच्या पडवीत त्यांचा मसाला वाटायचा दिवस असे, आणि दुसऱ्या वर्षापासून मला मदतीला बसायची परवानगी मिळाली. पहिल्याच दिवशी मी वाटण सैल व्हावं म्हणून हात ओला करून शिंपडायला गेले. आंटींनी माझं मनगट धरलं. "उदक नाका, बाय. हें मासाचें लोणचें." पाणी नको, हे मांसाचं लोणचं आहे. या एका वाक्यात अख्खी पाककृती आली. कैरीचं लोणचं घालताना आपण बरणी उन्हात वाळवतो, फोडी पुसून घेतो, ओला चमचा बुडवू देत नाही. विंदालूचं सगळं शिस्तीचं काम तसंच आहे.

मुळात हा टिकवायचाच पदार्थ. पोर्तुगीज खलाशी लांबच्या सफरीसाठी मांस वाइन आणि लसणीत मुरवून लाकडी पिंपांत भरून नेत. त्याला ते 'व्हिन्या दाल्युश' म्हणत. व्हिन्यु म्हणजे वाइन, आल्यु म्हणजे लसूण. 1510 साली ते गोव्यात आले तेव्हा वाइन करायला इथे द्राक्षं नव्हती, पण माड होते. माडाची सूर, म्हणजे झाडातून निघणारा गोड रस, आंबवून केलेलं व्हिनेगर वाइनच्या जागी आलं. अमेरिकेतली मिरची त्यांनीच आणली, आणि मिरे, लवंग, दालचिनी तर किनाऱ्यावर होतीच. जुनी गोवेकर मंडळी आजही 'विंदाल्हो' म्हणतात. शेवटच्या 'ल्हो'चा कुणीतरी 'आलू' ऐकला आणि भांड्यात बटाटा पडला. खुद्द गोव्यात बटाट्याला बटाटाच म्हणतात, आणि तो शब्दही पोर्तुगीजांचाच!

आता कृती. माझ्या वहीतली, आंटींच्या हाताची.

एक किलो पोर्क. खांद्याकडचं घ्या, आणि त्यात पाव हिस्सा तरी पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं. नुसतं तांबडं मांस घेतलंत तर शेवटी चोथा चघळाल. दीड इंचाचे तुकडे करून घ्या, शिजल्यावर आटतात. धुतलं असेल तर निथळून, कापडाने टिपून अगदी कोरडं करा.

अठरा-वीस काश्मिरी मिरच्या, देठं आणि बिया काढून. त्या 120 मिली व्हिनेगरमध्ये तासभर भिजत घाला. त्याच व्हिनेगरात पंधरा मोठ्या लसूणपाकळ्या, दीड इंच आलं, दीड चमचा जिरं, पंधरा मिरे, सात-आठ लवंगा, दोन इंच दालचिनी आणि अर्धा चमचा हळद घालून गंध उगाळल्यासारखं मऊ वाटायचं. मसाले भाजायचे नाहीत. वाटण फिरत नसेल तर चमचाभर व्हिनेगर आणखी, पाणी अजिबात नाही. त्यात दोन सपाट चमचे मीठ आणि चमचाभर माडाचा काळा गूळ. मांसाला हे नीट चोळून काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. निदान एक रात्र, जमलं तर पूर्ण 24 तास.

शिजवताना जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे तेलावर तीन मध्यम कांदे, उभे बारीक चिरून, चांगले बदामी होईपर्यंत परता. घाई नको. मग मसाल्यासकट मांस. मोठ्या आचेवर दहा मिनिटं हलवत राहा, खिडक्या उघड्या ठेवा, कारण मिरची आणि व्हिनेगरची वाफ एकदम उठते आणि घरभर ठसका लागतो. मांसाचा रंग पालटला की मसाल्याचं भांडं अर्धी वाटी उकळत्या पाण्याने विसळून ते ओता, झाकण ठेवा आणि आच अगदी मंद करा. सव्वा ते दीड तास. मधूनमधून बुडाशी लागत नाही ना ते बघा. चरबी सुटून कडेला केशरी तवंग आला आणि तुकडा चमच्याने दबला की झालं. शेवटी चव बघून चमचाभर व्हिनेगर वरून.

आणि त्या दिवशी खायचं नाही. हे सगळ्यात कठीण. दुसऱ्या दिवशी बरं लागतं, तिसऱ्या दिवशी खरं लागतं.

---

कढीलिंब | शुक्रवार, रात्री 9:52

वाखू (वाचनखूण) साठवली. "उदक नाका" वाचताना माझी आजीच डोळ्यांसमोर आली, ती लोणच्याच्या बरणीजवळ पोरांना फिरकू द्यायची नाही.

---

बावखल | शुक्रवार, रात्री 10:30

छान धागा, रानजाईताई. पण गोव्याच्या जोडीला आमच्या वसईचंही नाव यायला हवं, म्हणून लिहितो.

वसई पोर्तुगीजांकडे 1534 ला गेली आणि चिमाजी अप्पांनी 1739 ला घेतली. म्हणजे दोनशे वर्षं आमच्या स्वयंपाकघरात हीच देवाणघेवाण चालली होती. मुंबई, ठाणे, वसई भागातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत याच पदार्थाला 'इंदियाल' म्हणतात. नाव ऐकलंत तर लगेच कळेल, विंदाल्हो घासून घासून इंदियाल झालंय. (ईस्ट इंडियन हे नाव मात्र तसं अलीकडचं, 1887 चं. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी समाजाने घेतलेलं. माणसं इथलीच, बोली मराठीचीच.)

आमच्या घरी इंदियाल गोव्याच्या विंदालूपेक्षा कोरडं असतं. रस्सा नाहीच, मसाला मांसाला लपेटून बसतो. कांदाही आई घालत नाही, कारण तिच्या मते कांदा आला की पदार्थ टिकत नाही. गूळ नाही, चिमूटभर साखर. आणि बरेच जण समजतात तसा यात बाटली मसाला पडत नाही. तो उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात, आणि रोजच्या मटणाला, माशाला वापरतात. इंदियालचा मसाला ताजा, व्हिनेगरात वाटलेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरात हाच वास असतो. माझ्यासाठी लग्नघर म्हणजे इंदियालचा वास.

---

रानजाई | शुक्रवार, रात्री 10:48

बावखलदादा, कांद्याचा मुद्दा अगदी पटला. आंटींकडेही दोन प्रकार होत. नाताळात लगेच संपणारं असेल तेव्हा कांदा, आणि मुलगा बोटीवर परत जाताना बरोबर द्यायचं असेल तेव्हा बिनकांद्याचं, वर चरबीचा जाड थर राहील असं. बाटली मसाल्याची माहिती नवी होती, त्याबद्दल आभार. वेगळा धागा काढाच.

---

थेम्सकाठी | शनिवार, पहाटे 3:20

इंग्लंडमधून लिहितोय. इथल्या करी हाउसमध्ये विंदालू ही तिखटाची पायरी आहे. कोर्मा, मद्रास, विंदालू, अशी चढती भाजणी. मसाला तोच, मिरची वाढत जाते. मित्र पैज लावून खातात. मी इतकी वर्षं हेच खरं समजत होतो आणि मूळ पदार्थात इतकं बारकाव्याचं काम आहे हे आज कळलं. मनापासून आभार.

माडाचं व्हिनेगर इथे कुठे मिळणार? माल्ट व्हिनेगर चालेल का?

---

रानजाई | शनिवार, सकाळी 8:05

माल्ट नको. त्याला स्वतःचा जवाचा वास असतो, तो लवंग-दालचिनीला दाबून टाकतो. तुमच्याकडे फिलिपिन्सचा माल ठेवणारी दुकानं असतील तर नारळाचं व्हिनेगर मिळेल. त्यांच्याकडेही माडाच्या सुरेचं व्हिनेगर रोजच्या वापरात असतं. ते नसेल तर सफरचंदाचं साधं व्हिनेगर घ्या. माडाच्या व्हिनेगरात आंबटपणाच्या मागे एक हलका गोडवा आणि आंबलेल्या ताडीसारखा वास असतो. सफरचंदाच्या व्हिनेगरात तो वास नाही, पण गोडवा आहे, त्यामुळे बरंच जमतं.

तिखटाचं म्हणाल तर आंटींचं विंदालू मुलंही खात. काश्मिरी मिरची रंगाला आणि चवीला असते, तोंड पोळवायला नाही. गोव्यात हळदोण्याची, खोल्याची मिरचीही वापरतात. महाराष्ट्रात ब्याडगी सगळीकडे मिळते, तीही उत्तम.

---

परीक्षानळी | शनिवार, सकाळी 10:40

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर.

विंदालूत बटाटा नसावा याला शब्दाच्या व्युत्पत्तीपलीकडे एक पक्कं कारण आहे. भाज्यांच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन विरघळतं म्हणून बटाटा मऊ होतो. आंबट पाण्यात पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. इतक्या व्हिनेगरात कच्चा बटाटा तासभर उकळलात तरी आतून कचवट राहील. चिंच-कोकम घातलेल्या आमटीत डाळ किंवा भाजी शिजेना असा अनुभव सगळ्यांना असेल, ते हेच. म्हणूनच रानजाईंनी कांदा आधी पूर्ण परतायला सांगितला आहे, अर्धाकच्चा कांदा व्हिनेगर पडल्यावर पुढे मऊ होणार नाही.

मांसाचं उलट असतं. खांद्याच्या मांसातलं चिवट कोलॅजन 70 अंशांच्या पुढे सावकाश विरघळून जिलेटिन बनतं, आणि आम्ल त्याला मदतच करतं. हा जिलेटिनचा रस्सा गार झाल्यावर थिजतो. पुन्हा गरम केल्यावर ओठांना हलका चिकटपणा जाणवतो, तो त्याचाच.

भांड्याबद्दल आग्रहाने सांगते. ॲल्युमिनियम, आणि बिनकल्हईचं पितळ-तांबं अजिबात नको. व्हिनेगर धातू खातं, चव बिघडते आणि तो धातू पोटात जातो. मुरवायला काच, चिनीमाती. शिजवायला स्टील किंवा मातीचं भांडं.

---

चूलबंद | शनिवार, सकाळी 11:15

परीक्षानळीताई, एक घाबरलेला प्रश्न. काल रात्रीच उत्साहाने सोललेली लसूण व्हिनेगरमध्ये घालून ठेवली, सकाळी पाहतो तर पाकळ्या हिरव्या-निळ्या! टाकून देऊ का?

---

परीक्षानळी | शनिवार, सकाळी 11:22

मुळीच टाकू नका. लसणीतली गंधकाची संयुगं आम्लात येऊन एक निळसर-हिरवं रंगद्रव्य बनतं. खायला काही धोका नाही. लसूण-लिंबाच्या लोणच्यात पण कधीकधी दिसतं. मिरचीबरोबर वाटलीत की रंग लपेल.

---

चूलबंद | शनिवार, सकाळी 11:25

जीव भांड्यात पडला. आज वाटण, उद्या शिजवणार. इथेच कळवतो.

---

घाटवळण | शनिवार, दुपारी 1:10

सगळं वाचलं, आवडलं. पण एक विचारतो. टोमॅटो घातला तर बिघडलं कुठे? आमच्याकडे घरात सगळ्यांना तो रस्सा आवडतो. परंपरा म्हणून किती धरून बसायचं? मिरचीसुद्धा बाहेरूनच आली ना?

---

रानजाई | शनिवार, दुपारी 2:35

घाटवळण, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

टोमॅटोला माझा विरोध परंपरेसाठी नाही. टोमॅटो पाणी सोडतो. विंदालूचा मसाला व्हिनेगरात आणि चरबीत शिजला पाहिजे, पाण्यात नाही. पाणी आलं की मसाला मांसावरून सुटून रश्श्यात उतरतो, आणि दोन दिवस टिकायचं ते एका दिवसात उतरतं. शिवाय टोमॅटोचा आंबटपणा शिजून गोड होतो. व्हिनेगरचा आंबटपणा मात्र चरबीला कापत जातो. पोर्कच्या इतक्या चरबीसमोर टोमॅटो टिकत नाही, म्हणून मग हॉटेलवाले तिखट वाढवतात. माझ्या ताटातल्या त्या जाळाचं मूळ हेच असणार.

तुमच्या घरी टोमॅटो घालून पोर्क जरूर करा, छानच होत असेल. फक्त त्याला विंदालू म्हटलं की पुढच्या पिढीला विंदालू म्हणजे तेच वाटेल, एवढीच माझी तळमळ आहे.

---

मांडवीपार | शनिवार, दुपारी 4:00

गोव्याचा आहे, बार्देशचा नाही, सासष्टीचा. आमच्या घरी व्हिनेगरच्या जोडीला सुपारीएवढी चिंच असते, आणि शेवटी चमचाभर फेणी. घराघरांत फरक आहे. पण पाणी नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही, यावर सगळी घरं एकमत.

व्हिनेगरबद्दल सांगतो, कारण विंदालूचा प्राण तोच आहे आणि तो विकत घेताना लोक फसतात. रेंदेर माडावर चढून पोय (न उमललेला फुलोरा) छाटून सूर काढतो. ती उतरवल्यापासूनच आंबायला लागते, गोडाची दारू होते. मग ती सूर भांड्यात ठेवून दिली की काही आठवड्यांत हवेतल्या जिवाणूंमुळे दारूचं व्हिनेगर होतं. वर एक बुळबुळीत साय धरते. ती फेकायची नाही, पुढच्या घाण्याचं विरजण तेच. आमच्या वाड्यावर पूर्वी बरेच रेंदेर होते, आता मोजकेच राहिलेत. माडावर चढणारी मुलं मिळत नाहीत. व्हिनेगर खरं हवं असेल तर ज्याच्याकडून घेता त्याला सूर कुठली ते विचारा, चांगला माणूस आनंदाने सांगतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाटल्या मिळतात, आणि तिथेच गुळाच्या काळ्या ढेपा आणि चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या पोर्क सॉसेजच्या, माळा.

---

रानजाई | शनिवार, दुपारी 4:20

मांडवीपार, किती नेमकं लिहिलंत! आंटी बाटली उघडून दोन थेंब तळहातावर घेत, हात चोळत आणि वास घेत. नाकात एकदम झिणझिण्या आल्या तर बाटली परत. आधी ताडीसारखा गोड वास आला आणि मग झिणझिण्या, तर घ्यायची. मी आजही तशीच घेते.

फेणी कधी घातली नाही, या नाताळात घालून बघेन.

---

स्टेथो | शनिवार, सायंकाळी 6:45

मी डॉक्टर आहे. पोर्क घरी करायला बिचकणाऱ्यांसाठी लिहिते, कारण भीती आणि निष्काळजीपणा दोन्ही पाहिलेत.

व्हिनेगरमध्ये मुरवल्याने मांसातले कृमी मरतात हा समज चूक आहे. मारते ती उष्णता. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की अखंड तुकड्यांचं पोर्क आतून 63 अंश सेल्सिअसपर्यंत जावं आणि नंतर तीन मिनिटं तसंच राहावं, खिमा असेल तर 71. विंदालू तासाहून जास्त मंद उकळतं, त्यामुळे नीट शिजवलेल्या विंदालूत ही काळजी उरत नाही. काळजी घ्यायची ती कच्च्या मांसाची. पाट-सुरी वेगळी, हात साबणाने, आणि त्याच पाटावर कोशिंबीर चिरायची नाही.

दुसरं, मेंदूत जंताच्या गाठी होतात म्हणून पोर्क टाळणारे अनेक पेशंट भेटतात. त्या गाठी मांस खाऊन होत नाहीत. पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी अस्वच्छ हातांतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाज्यांतून पोटात गेली की होतात. म्हणजे शाकाहारी माणसालाही होऊ शकतात. कच्चं-अर्धवट पोर्क खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो, तो वेगळा प्रश्न, आणि त्याला उत्तर म्हणजे नीट शिजवणं.

पूर्वी बाहेर ठेवून आठवडाभर खात, ते बिनकांद्याचं, जास्त मीठ-व्हिनेगरचं, वरून चरबीने झाकलेलं असे, आणि रोज उकळी काढत. आज कमी मीठ-व्हिनेगर घालून आपण करतो. फ्रिजमध्येच मुरवा आणि फ्रिजमध्येच ठेवा.

---

पानमळा | शनिवार, रात्री 9:05

मी पोर्क खात नाही, घरी मांसाहारही नाही. पण धागा वाचून त्या मसाल्याचा वास नाकात बसलाय. काही करता येईल का?

---

रानजाई | शनिवार, रात्री 9:40

सुरण! त्याला नाहीतरी आंबट लागतंच, चिंच-कोकम घातल्याशिवाय खाज जात नाही. इथे ते काम व्हिनेगर करेल. परीक्षानळीताईंनी सांगितल्याप्रमाणे आंबटात ते शिजणार नाही, म्हणून आधी मीठ-हळदीच्या पाण्यात चिमूटभर चिंच घालून उकडून घ्या, पण गाळ होऊ देऊ नका. निथळून, तेलावर कडा लाल करून घ्या. मसाला निम्मा घ्या आणि तेल जास्त, कारण चरबीचं काम तेलालाच करायचंय. रात्रभर राहू द्या. मी उपवास सोडायला आलेल्या जावेसाठी एकदा केलं होतं, तिने वाडगं पुसून खाल्लं.

---

होकायंत्र | रविवार, सकाळी 9:30

एक गोष्ट सांगावीशी वाटते. मादेइरा या पोर्तुगीज बेटावर आजही नाताळला 'कार्ने द व्हिन्या दाल्युश' करतात, वाइन-व्हिनेगर आणि लसणीत मुरवलेलं पोर्क. तिथले लोक मजुरीसाठी गयाना आणि त्रिनिदादला गेले, तिथे तेच 'गार्लिक पोर्क' झालं, तेही नाताळचंच. म्हणजे म्हापशातल्या पडवीत, वसईच्या लग्नघरात आणि गयानातल्या स्वयंपाकघरात एकाच पिंपातून निघालेले पदार्थ शिजतायत. त्यांच्यात मिरचीचा हा लाल मसाला आणि ही लवंग-दालचिनी मात्र आपल्याच किनाऱ्याची.

---

बावखल | रविवार, सकाळी 10:05

वा! आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "तेथं साखर घालतात का?"

---

चूलबंद | रविवार, रात्री 8:50

शिजवलं. पण थोडा हिरमुसलोय. रंग अप्रतिम, मांस लोण्यासारखं. पण आंबटपणा फार बोचतो, घशाला लागतो. व्हिनेगर मोजूनच घातलं होतं. कांदा नीट परतला, पाणी अर्धी वाटीच. कुठे चुकलं?

---

रानजाई | रविवार, रात्री 9:00

बाटलीवर काय लिहिलंय बघा बरं. 'सिंथेटिक' असं कुठे छापलंय का?

---

चूलबंद | रविवार, रात्री 9:04

हो. बारीक अक्षरात. स्वच्छ पांढरं आहे, पाण्यासारखं.

---

रानजाई | रविवार, रात्री 9:25

तेच. ॲसिटिक आम्लात पाणी घालून ते बनवतात. भारतात कुठल्याही व्हिनेगरात किमान 3.75 टक्के ॲसिटिक आम्ल लागतं आणि आम्लापासून थेट केलेल्या बाटलीवर 'सिंथेटिक' छापावंच लागतं. त्यात आंबटपणा आहे, पण आंबवताना येणारा गोडवा आणि वास काहीच नाही. मीही पहिल्या वर्षी पुण्याला आल्यावर हीच चूक केली होती, सगळं भांडं तसंच बोचरं झालं आणि पाहुणे जेवायला बसलेले. पुढच्या वेळी 'आंबवून केलेलं' असं लिहिलेली बाटली घ्या.

आता फेकू नका. सुपारीएवढा गूळ आणि दोन चिमटी मीठ घालून पाच मिनिटं मंद उकळा, झाकण न ठेवता. मग गार करून फ्रिजमध्ये. मंगळवारपर्यंत झाकण उघडू नका. आंबटपणा मांसात शिरतो आणि रश्श्यातला बोच कमी होतो. आज जे बोचतंय ते परवा नसेल.

---

मांडवीपार | रविवार, रात्री 9:40

रानजाईताईंशी सहमत. वाट बघा, चूलबंद. विंदालू पहिल्या दिवशी कुणाचंच गोड नसतं.

---

चूलबंद | मंगळवार, रात्री 10:10

उघडलं! वर केशरी चरबीचा बोटभर थर थिजलेला, अगदी तुपासारखा, आणि त्याखाली रस्सा गोठून थरथरतोय. परीक्षानळीताई म्हणाल्या तोच जिलेटिन. मंद आचेवर गरम केलं. बोच गेली. आंबट आहे, पण आता ते लवंग आणि मिरच्यांच्या आतून येतंय, सरळ घशावर चालून येत नाही. पाव तव्यावर शेकून बुडवून खाल्ला, बायको पोर्क फारसं खात नाही, तिने दोन पाव संपवले आणि पातेल्याच्या कडेचा मसाला पावाने पुसून घेतला. वडिलांनी एवढंच विचारलं, "पुन्हा कधी?"

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारायचं राहिलं. वरची बरीचशी चरबी मी काढून वाटीत ठेवलीय. टाकून देऊ का?

---

रानजाई | मंगळवार, रात्री 10:20

टाकताय कुठे! उद्या सकाळी त्यात कालचा गार भात परता, वर एक अंडं फोडा आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. आंटींकडे नाताळच्या दुसऱ्या दिवशीची न्याहारी हीच असे. वाटी झाकून ठेवा, फ्रिजमध्ये आठवडाभर राहील.